सायकलच्या सर्व्हिसिंगचे बिल कशाचे बनते

सायकल सर्व्हिसिंगला देताना "एकूण किती होतील?" एवढेच विचारले, तर दुकानदारही एकच आकडा सांगतो, आणि त्या आकड्यावरून गरजेचे काय, टाळता येण्याजोगे काय, हे काहीच ठरवता येत नाही. माझ्या मागच्या सर्व्हिसिंगच्या बिलावर 'जनरल सर्व्हिस' एवढे दोन शब्द होते आणि त्यांच्यापुढे एक रक्कम. मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यभागच्या बेअरिंग असलेल्या भागात, नवे ग्रीस भरले होते की नाही, चाकाचा आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढला होता की चाक नुसते फिरवून पाहिले होते, गिअरची केबल बदलली होती की आहे तीच ताणून घेतली होती, यातले काहीही त्या कागदावरून कळत नव्हते. म्हणून या खेपेला दुसऱ्या दुकानात गेलो तेव्हा आधीच सांगितले की, सायकल माझ्यासमोर तपासा, प्रत्येक कामाची मजुरी वेगळी लिहा, सुट्या भागांची किंमत वेगळी लिहा, आणि मी होकार दिल्याशिवाय यादीबाहेरच्या कामाला हात लावू नका. मेकॅनिकने ही मागणी सहज मान्य केली. त्यानंतर जे पाहिले, ऐकले आणि मोजले, त्यावरून सर्व्हिसिंगचा खर्च कुठून उभा राहतो हे मला नीट उमगले.

सायकल साधी, रोजच्या वापराची आहे. मागे नऊ गिअरची कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा संच, दोन्ही चाकांना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, आणि वापर सर्व ऋतूंत, म्हणजे धुळीतही आणि पावसातही. तक्रारी दोन होत्या. गिअर टाकला की तो चटकन बसत नसे, क्षणभर अडखळून मग पडे. आणि सायकल उचलून मागचे चाक रिमला धरून आडवे हलवले की हाताला किंचित खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवे. बाकी काही बिघडल्याची खूण नव्हती.

बहुतेक दुकानांत सर्व्हिसिंगचे दोन-तीन दर लावलेले असतात. सर्वांत खालच्या दरात धुणे, ऑइलिंग, ब्रेक आणि गिअरची जुळवणी, नटबोल्ट तपासणे एवढे येते. मधल्या दरात चाकांचा आउट काढणे आणि केबल बदलण्याची मजुरी येते. सर्वांत वरच्या दरात सायकल जवळजवळ पूर्ण खोलली जाते. हब, हँडल ज्यावर फिरते तो हेडसेट आणि पेडलच्या क्रँकमधले बेअरिंग उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरून पुन्हा बसवले जाते. अडचण अशी की या दरांना दिलेली नावे कुठल्याच दोन दुकानांत सारखी नसतात. एका ठिकाणची 'फुल सर्व्हिस' दुसऱ्या ठिकाणच्या मधल्या दराएवढीच असू शकते. नावांच्या भानगडीत न पडता मी एकच प्रश्न विचारला, "यात हब उघडणार का?" या प्रश्नाच्या उत्तरावरून दराची पायरी लगेच कळते, कारण हब उघडायचा तर चाक काढावे लागते, कॅसेट उतरवावी लागते, वेळ मोडावा लागतो, आणि जिथे एवढा वेळ दिला जातो तिथे बाकीची कामेही बहुधा जिवाभावाने होतात.

तपासणी स्टँडवर झाली. मेकॅनिकने सायकल सीटच्या दांड्याला धरून वर टांगली आणि पहिल्यांदा चेन पाहिली. खिशातून एक चपटी लोखंडी पट्टी काढली, जिला चेन चेकर म्हणतात, तिचे एक टोक कडीत अडकवले आणि दुसरे टोक खाली सोडले. ०.५ लिहिलेली बाजू अलगद आत उतरली. पट्टी उलटवून ०.७५ ची बाजू लावली तेव्हा ती कडीवर टेकून राहिली, आत गेली नाही. "अर्ध्याच्या पुढे गेली आहे, पाऊणपर्यंत पोचलेली नाही," ते म्हणाले, "आत्ता बदलली तर कॅसेट वाचेल. अशीच चालवत राहिलात तर दोन्ही बरोबर जातील."

हा मुद्दा खर्चाच्या दृष्टीने इतका महत्त्वाचा आहे की तो थोडा उलगडून सांगायला हवा. सायकलच्या चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. अशा चोवीस कड्यांची लांबी नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरते. चेन 'लांबली' असे आपण म्हणतो तेव्हा लोखंडाची पट्टी ताणली गेलेली नसते. प्रत्येक पिन आणि ती जिथे फिरते ती जागा घासून बारीक बारीक खेळ तयार झालेला असतो, आणि सगळ्या कड्यांचा तो खेळ मिळून लांबी वाढते. अर्धा टक्का झीज म्हणजे त्या चोवीस कड्यांमागे सुमारे दीड मिलिमीटर. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण कॅसेटचे दात अर्ध्या इंचाच्या अंतराने कापलेले असतात, आणि लांबलेली चेन त्या दातांच्या मुळाशी नीट न बसता वर सरकून बसते. मग भार मोजक्या दातांवर येतो, ते दात एका बाजूने झिजू लागतात, आणि कॅसेट हळूहळू त्या झिजलेल्या चेनच्या मापाची होते. त्या अवस्थेत नवी चेन घातली तर ती जुन्या दातांवर जोर लावताच उड्या मारते, म्हणून कॅसेटही बदलावीच लागते, आणि बराच काळ असेच चालले असेल तर पुढचे चक्रही. कॅसेट चेनपेक्षा महाग असते. वरच्या दर्जाच्या सामानात तर हा फरक कैकपटींचा होतो. वेळेवर बदललेली चेन हा सर्व्हिसिंगच्या बिलातला सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे असे मी ठामपणे म्हणेन.

कधी बदलायची याचे ठोकताळे मेकॅनिकने सांगितले, आणि ते सर्वसाधारणपणे मान्य आहेत. अकरा आणि बारा गिअरच्या अरुंद चेन अर्ध्या टक्क्याला बदलाव्यात. आठ, नऊ, दहा गिअरच्या चेन पाऊण टक्क्यापर्यंत चालतात. गिअर नसलेल्या सायकलीची जाड चेन एक टक्क्यापर्यंतही ओढता येते. या हिशेबाने माझी चेन आणखी काही दिवस चालली असती. पण ती पाऊण टक्क्याला पोचण्याच्या सुमारास मला पुन्हा दुकानात यावे लागले असते आणि चेन बसवण्याची मजुरी वेगळी पडली असती. आता सायकल खोललेलीच होती, कॅसेट उतरणारच होती, त्यामुळे चेन आत्ताच बदलायचे ठरले, आणि तिच्या मजुरीची ओळ मेकॅनिकने स्वतःहून शून्य केली. एकाच वेळी होणारी कामे एकत्र केल्याने मजुरी अशी खरोखर वाचते. मात्र हे विचारल्याशिवाय दरवेळी घडेलच असे नाही.

चाकाच्या आउटकडे आलो तेव्हा मला वाटले होते त्यापेक्षा वेगळे चित्र निघाले. डिस्क ब्रेकच्या सायकलीत रिम थोडी डुलली तरी ब्रेकला काही कळत नाही, कारण ब्रेक मध्यभागी असलेल्या डिस्कला धरतो. रिम ब्रेक असता तर आउट आलेले चाक गुटक्यांना घासून तक्रार करत राहिले असते. त्यामुळे डिस्कवाल्यांच्या चाकांतला दोष बराच काळ झाकून राहतो. मेकॅनिकने चाक स्टँडमध्ये बसवले, काटा रिमजवळ आणला आणि चाक हलकेच फिरवले. एका जागी रिम काट्याला टेकली, पुढे अर्ध्या फेऱ्यात दूर गेली. मग त्यांनी बोटांच्या चिमटीत तारा जोडी-जोडीने दाबून पाहिल्या, आणि मलाही पाहायला सांगितल्या. कॅसेटच्या बाजूच्या तारा कडक होत्या, त्या तशा असतातच, कारण कॅसेटला जागा देण्यासाठी रिम त्या बाजूला जास्त ओढलेली असते. पण त्याच बाजूच्या दोन तारा शेजारच्या तारांच्या मानाने स्पष्टपणे सैल लागत होत्या. सैल तार स्वतःचा भार शेजारणीवर टाकते, आणि ती शेजारची तार पुढेमागे तुटते. एक तुटली की चाक वाकडे होते आणि दुसरी तुटायला वेळ लागत नाही.

आउट काढण्याची मजुरी अनेकांना खटकते, कारण बिलात त्याच्यापुढे एकही नवा भाग लिहिलेला नसतो. मी ते काम शेवटपर्यंत उभा राहून पाहिले. रिमपाशी तारेवर बसणाऱ्या निपल या छोट्या नटला एका वेळी पाव फेरा, कधी त्याहूनही कमी. एका बाजूची तार आवळली की समोरच्या बाजूची तेवढीच सैल करायची, नाहीतर रिम आडवी सरळ होते पण उभी अंड्यासारखी होते. आवळताना तारच निपलबरोबर पिळली जाते, म्हणून थोडे पुढे नेऊन थोडे मागे आणायचे. काही फेऱ्यांनंतर तारा हाताने दाबून ताण मोकळा करायचा आणि पुन्हा काटा पाहायचा. बत्तीस तारांच्या चाकात हे करताना माणसाचे डोळे, बोटे आणि कान तिन्ही गुंतलेले असतात. त्या कामाला दिलेला प्रत्येक पैसा योग्य होता असे मला मनापासून वाटते, आणि यानंतर या मजुरीवर मी कधी घासाघीस करणार नाही.

मागच्या हबचा हिशेब एस्टिमेटमध्ये आधी पूर्ण लिहिताच आला नाही. मेकॅनिकने उघडण्याची आणि ग्रीसिंगची मजुरी लिहिली, आणि पुढे 'छर्रे नवे. कोन बदलायचा का, ते हब उघडल्यावर ठरेल' अशी नोंद केली. मला ही प्रामाणिक नोंद आवडली. बंद हबच्या आत काय आहे हे बाहेरून कोणालाही नक्की सांगता येत नाही, आणि जो आधीच छातीठोक आकडा सांगतो तो एकतर वाईटातले वाईट धरून सांगतो, किंवा नंतर वाढवून लावतो.

हब माझ्यासमोर उघडला. माझा हब कप-कोन पद्धतीचा आहे. म्हणजे हबमध्येच कोरलेल्या वाटीत सुटे छर्रे बसतात आणि बाहेरून ॲक्सलवर फिरणारा कोन त्यांना जागेवर धरतो. मागच्या हबमध्ये दोन्ही बाजूंना पाव इंची छर्रे, नऊ-नऊ. ग्रीस काळे पडून घट्ट झाले होते आणि एका बाजूला त्यात पाण्याचा अंश मिसळून ते राखाडी, दुधट झाले होते. छर्रे काढून वाटी पुसल्यावर मेकॅनिकने कोन उजेडात धरला. चकाकणाऱ्या गोल पट्ट्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले होते. मग त्यांनी पेनचे टोक वाटीतून गोल फिरवले आणि तेच मला करायला सांगितले. पेन कुठेही न अडखळता गुळगुळीत फिरले. "वाटी चांगली आहे, नशीब," ते म्हणाले, "खड्डे कोनावर पडले तर कोन बदलतो. वाटीत पडले तर हबच जातो."

हब जाणे म्हणजे काय, हे खर्चाच्या भाषेत लक्षात घेण्यासारखे आहे. हब बदलायचा तर सगळ्या तारा काढून चाक नव्याने विणावे लागते. तारा बहुधा नव्या लागतात, आणि मजुरी आउट काढण्याच्या कितीतरी पट होते. पुष्कळदा तयार चाक विकत घेणेच स्वस्त पडते. हे सगळे टळते ते चमचाभर ग्रीस, अठरा छर्रे आणि एक कोन एवढ्यावर. चेनचा आणि कॅसेटचा जो संबंध, तोच कोनाचा आणि हबचा: स्वस्त भाग वेळेवर बदलला की महागडा भाग टिकतो. सर्व्हिसिंगच्या बिलाकडे या नजरेने पाहिले की कुठली ओळ ठेवायची आणि कुठली खोडायची हे ठरवणे बरेच सोपे होते.

कोन जुळवताना मेकॅनिकने आणखी एक गोष्ट दाखवली. दोन पातळ पाने लावून कोन आणि लॉकनट एकमेकांवर आवळताना त्यांनी मुद्दाम ॲक्सलमध्ये जाणवेल न जाणवेल इतका खेळ ठेवला. चाक सायकलला लावून चाक जागेवर धरून ठेवणारा क्विक रिलीजचा खटका आवळला की ॲक्सलवर दाब येतो आणि तो उरलेला खेळ नाहीसा होतो. आधीच खेळ शून्य ठेवला असता तर चाक लावल्यावर छर्रे दाबले गेले असते आणि नवा कोनही लवकर खराब झाला असता. त्यांनी चाक लावले, पुन्हा काढले, कोन अगदी थोडा फिरवला, पुन्हा लावले. बिलावर या सगळ्यासाठी 'मागचा हब ओव्हरहॉल' एवढेच लिहिले आहे.

ब्रेकच्या बाबतीत मात्र एस्टिमेटमधली एक ओळ आम्ही दोघांनी मिळून खोडली. दुकानाच्या वरच्या दरात ब्रेकचे ऑइल बदलणे, म्हणजे ब्लीडिंग, धरलेलेच होते. माझे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. काही ब्रेक डॉट द्रवावर चालतात. तो द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेतो, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येत जातो आणि तो ठरावीक काळाने बदलावाच लागतो. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही. माझे दोन्ही लिव्हर दाबल्यावर घट्ट लागत होते, दाबून धरले तरी हँडलकडे सरकत नव्हते, आणि कुठे गळतीही नव्हती. मेकॅनिकने स्वतःच सांगितले की हे काम या वेळी नको. दोन द्रवांचा विषय निघाला म्हणून इथेच सांगून ठेवतो की, एकाच्या जागी दुसरा भरला तर आतली रबरी सील खराब होतात आणि ब्रेक निकामी होतो; त्यामुळे ब्लीडिंग ज्याच्याकडून कराल त्याला आपल्या ब्रेकमध्ये कुठला द्रव आहे हे ठाऊक असल्याची खात्री करून घ्यावी.

पॅड मात्र पुढचे संपत आले होते. पत्र्यावर घर्षणाचा थर उरतो त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आली की पॅड बदलायचे असतात, आणि पुढचे पॅड त्याच्या जवळ पोचले होते. डिस्कवरच बारीक अक्षरांत किमान जाडी १.५ मिलिमीटर अशी कोरलेली आहे, हे मी आजवर नीट वाचलेच नव्हते. कॅलिपरने मोजली तेव्हा डिस्क अजून त्याच्या वर होती. म्हणून पुढचे पॅड नवे, मागचे आहेत तेच, दोन्ही डिस्क आहेत त्याच. पॅकेजमध्ये 'चारही पॅड' असे सरसकट लिहिले असते तर मागच्या पॅडचे निम्म्याहून अधिक आयुष्य कचऱ्यात गेले असते.

यादी ठरली. धुण्याची ओळ मी काढायला सांगितली, कारण सायकल मी घरी धुतो आणि चेन पुसून तेल घालणे हेही घरीच करतो. त्यावर मेकॅनिकने एक अट घातली, जी मला पटली: सायकल दुकानात आणताना ती धुतलेली असली पाहिजे. चिखलाने माखलेली सायकल खोलायची तर आधी तासभर साफसफाईत जातो आणि तो तास कुठल्या ना कुठल्या ओळीत लागतोच. टायर मी बाहेरून आणून दिले तर चालतील का, असेही विचारले. चालतील, पण बसवण्याची मजुरी पूर्ण लागेल आणि भाग सदोष निघाला तर जबाबदारी दुकानाची राहणार नाही, असे उत्तर मिळाले. हे उत्तर रास्त आहे. सुट्या भागांवरच्या नफ्यातून दुकान आपली बरीच मजुरी सोसत असते. तो नफा आपण काढून घेतला तर मजुरीने आपला खरा आकडा दाखवला पाहिजे.

सायकल ठेवून आल्यावर फोन आला. गिअरची जुनी केबल शिफ्टरमधून, म्हणजे हँडलवरच्या गिअरच्या खटक्यातून, ओढून काढताना तिच्या टोकाच्या धातूच्या गोळीजवळचे काही धागे तुटलेले आढळले होते. एस्टिमेटमध्ये आतली तार होती, बाहेरचे आवरण नव्हते. आवरणाच्या एका तुकड्यात गंज होता आणि त्यातून नवी तार ओढली तरी ती अडखळत राहिली असती. त्यांनी फोटो पाठवला, वाढीव रक्कम सांगितली आणि थांबले. मी हो म्हटले. या एका फोनला मी फार किंमत देतो. वाढीव खर्च प्रत्येक सर्व्हिसिंगमध्ये निघू शकतो, त्यात वावगे काही नाही. तो काम होण्यापूर्वी कळला तर आपण ठरवू शकतो, सायकल घ्यायला गेल्यावर कळला तर फक्त पैसे मोजू शकतो. शिवाय ते तुटके धागे वेळेवर सापडले नसते, तर तार शिफ्टरच्या आतच तुटली असती, आणि तिथे अडकलेले तुकडे चिमट्याने एकेक करून काढण्याची मजुरी नव्या केबलच्या किमतीच्या कितीतरी पुढे गेली असती.

गिअर अडखळण्याचे दुसरे कारणही याच वेळी सापडले. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा डिरेलर ज्या लहानशा तुकड्याला लटकतो तो हँगर आत वाकला होता. सायकल उजव्या बाजूला पडली किंवा कशाला टेकून घासली की तो वाकतो. तो मऊ धातूचा करतात तो याचसाठी, की वाकायचे तर त्याने वाकावे, फ्रेमने नव्हे. लांब दांडीचे हत्यार हँगरच्या आट्यांत बसवून, रिमच्या चारही बाजूंशी अंतर ताडून तो सरळ केला जातो. काम मिनिटांचे आहे, पण हँगर वाकडा असताना गिअर कितीही जुळवले तरी काही गिअर बसतात आणि काही बसत नाहीत. मागच्या बिलावर 'गिअर जुळवणी' होती. हँगर तेव्हा कोणी पाहिला होता असे मला वाटत नाही.

सायकल घ्यायला गेलो तेव्हा बिल आणि एस्टिमेट शेजारी-शेजारी ठेवून वाचले. मजुरी निम्म्याहून अधिक होती, सुटे भाग त्याहून कमी, आणि शेवटी ग्रीस, क्लीनर वगैरेसाठी एक छोटीशी रक्कम. एकच आकडा असता तर मला हे महाग वाटले असते. ओळी वाचत गेलो तसतसे मला त्या ओळींमागचे काम दिसत गेले. टॉर्क रेंचने आवळलेले बोल्ट बिलावर दिसत नाहीत, पण हँडल धरणाऱ्या स्टेमवर जो आकडा छापलेला असतो, बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, त्याच्या पलीकडे आवळले तर आटे जातात आणि सैल राहिले तर हँडल फिरते. पेडल मात्र ३५ न्यूटन-मीटरच्या घरात आवळावे लागते आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. हे ज्ञान आणि ही हत्यारे दुकानात कायम तयार ठेवावी लागतात, आपली सायकल वर्षातून एकदा तिथे जात असली तरी.

काढलेले सर्व भाग मी आधीच मागून ठेवले होते, ते पिशवीत मिळाले. जुना कोन, छर्रे, पॅड, केबल, चेन. मेकॅनिकने जुनी चेन आणि तेवढ्याच कड्यांची नवी चेन एकाच खिळ्याला शेजारी लटकवून दाखवली. वर दोन्ही बरोबर, खाली जुनी चेन अर्ध्या कडीहून जास्त लांब लोंबत होती. सुटे भाग परत मागणे हा अविश्वास आहे असे काहींना वाटते. या मेकॅनिकला तसे वाटले नाही, उलट दाखवायला मिळाले याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

दुकानातून निघण्यापूर्वी मी चार गोष्टी तपासल्या, आणि त्या तपासायला पैसे लागत नाहीत. रिमला धरून दोन्ही चाके आडवी हलवली. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलली, म्हणजे हेडसेटमधला खेळ कळतो. सगळे गिअर वर आणि खाली टाकून पाहिले. पेडलच्या क्रँकला धरून बाहेर ओढून पाहिले. हेडसेटमध्ये हँडल सरळ असताना एक अगदी सूक्ष्म खाच जाणवली, जणू ते तिथे थांबायला पाहत होते. मेकॅनिकला दाखवली. त्यांनी हँडल फिरवून पाहिले आणि सांगितले की खालच्या बेअरिंगची सुरुवात झाली आहे, लगेच बदलण्याची गरज नाही, पुढच्या वेळी बघू.

नव्या केबल काही दिवस चालवल्यावर आवरणाची टोके आपापल्या जागी दबून बसतात आणि तारेचा ताण किंचित उतरतो. माझेही तसेच झाले. गिअर पुन्हा थोडा मागे राहू लागला. ही पहिली जुळवणी एस्टिमेटमध्येच 'विनामूल्य' म्हणून लिहून घेतली होती, त्यामुळे दुकानात गेलो, मेकॅनिकने केबलचा ताण बदलणारा बॅरल ॲडजस्टर अर्धा फेरा फिरवला आणि गिअर बसला. त्याच वेळी त्यांनी बिलाच्या मागच्या बाजूला पुढच्या सर्व्हिसिंगची नोंद करून दिली: चेन मोजणे, मागचे पॅड, हेडसेटचे खालचे बेअरिंग, ब्लीडिंग गरज असेल तरच. हेडसेटसमोर मजुरीचा आजचा दरही लिहिला आहे, आणि बेअरिंगचे माप खोलल्यावर कळेल अशी टीप खाली आहे.